उद्यानातील आगंतुक : उपटण्याआधी आणि उपटल्यानंतर

१९५५ च्या सुमारास पुणे शहरातील उकिरड्यांवर एक अपरिचित रोप वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, शेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस, उंची कमरेइतकी, कोठे छातीइतकी. लवकरच त्याची रीतसर नोंद शास्त्रीय नियतकालिकात झाली. मूळची मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील ही वनस्पती आयात धान्याबरोबर येथे आली असावी, असे सामान्यतः मानले जाते. शास्त्रज्ञ तिला पार्थेनियम म्हणतात. लोकांनी गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे देऊन तिची ओळख पक्की केली. उकिरड्यावरून ती सडकांच्या व लोहमार्गांच्या कडेने पुढे सरकली आणि आज देशातील बहुतेक सर्व राज्यांत तिचे वास्तव्य आहे.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. शहरांतील उद्याने, शाळांची आवारे, कार्यालयांच्या मोकळ्या जागा येथे श्रमदान होते, भारेच्या भारे गवत निघते. पुढील वर्षीच्या पावसाळ्यात त्याच जागी तेच गवत तितक्याच दाटीने उभे असल्याचे पुष्कळ ठिकाणी दिसून येते. यात कष्ट करणाऱ्यांचा दोष शोधण्याचे कारण नाही. उपटणे ही मधली पायरी आहे. तिच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही पायऱ्या बहुधा कोणाच्याच कामाच्या यादीत नसतात आणि खर्च वाया जातो तो तेथे.

झेंडू आणि गाजर गवत

आक्रमक वनस्पतींचा विषय निघाला की 'परदेशी ते सर्व वाईट' असा एक सोपा निष्कर्ष काढण्याकडे कल असतो. तो चुकीचा आहे. दसऱ्याला ज्याच्या तोरणावाचून दार शोभत नाही तो झेंडूही मेक्सिकोतूनच आलेला आहे. इतकेच नव्हे, तर तो आणि गाजर गवत एकाच, म्हणजे सूर्यफुलाच्या, कुळातील होत. मिरची, बटाटा, टोमॅटो, सीताफळ ही सारी अमेरिका खंडातील. गुलमोहर मादागास्करचा. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आफ्रिकेतील गोरखचिंच कित्येक पिढ्या उभी आहे आणि तिने कुंपणाबाहेर पाऊल टाकलेले नाही. झेंडू लावावा तेथे उगवतो व न लावल्यास त्याची कोणास अडचण होत नाही. गाजर गवत न लावता उगवते आणि आधीच्या वनस्पतींना हुसकून लावते. आक्रमक हे विशेषण या वर्तनाला आहे, जन्मभूमीला नव्हे.

जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मानवी व्यवहारामुळे जगभर सुमारे ३७,००० प्रजाती आपल्या मूळ प्रदेशाबाहेर जाऊन स्थिरावल्या आहेत. त्यांपैकी आक्रमक व हानिकारक ठरलेल्या ३,५०० च्या वर आहेत. म्हणजे दहांत एक. हा एक ओळखता येणे, हेच उद्यान व्यवस्थापनातील कौशल्य. मूळ प्रदेशात ज्या कीटकांमुळे, रोगांमुळे वाढीला आळा बसत असे ते येथे नसणे, बियांचे अफाट उत्पादन, तोडल्यावर पुन्हा फुटण्याची शक्ती आणि गुरांनी तोंड न लावणे ही त्याची सर्वसाधारण लक्षणे होत. यांतील शेवटची दोन लक्षणे एकेकाळी वृक्षलागवडीसाठी गुण म्हणून पाहिली गेली, हे पुढे दिसून येईल.

उद्यान हेच उगमस्थान

आक्रमक वनस्पती रानातून बागेत शिरतात, असा समज आहे. वस्तुतः अनेकींचा प्रवास उलट दिशेने झालेला आहे. आज सह्याद्रीच्या उतारांवर व पडीक जमिनींवर माजलेली घाणेरी किंवा टणटणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणण्यात आली. तिच्या रंग बदलणाऱ्या फुलांच्या गुच्छांची मोहिनी तेव्हा मोठी होती. जांभळ्या-काळ्या फळांवर बुलबुलासारखे पक्षी तुटून पडले आणि बी विष्ठेवाटे दूरदूर गेले. जलपर्णीही त्याच शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली ती तिच्या निळसर-जांभळ्या तुऱ्यांसाठी. पुढे तिने तेथील जलमार्ग असे कोंडले, की १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची कथा तर एकाच बागेतील आहे. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या इंग्रज अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि चौरंगी भागातील एका बागेत ती सोडण्यात आली.

ही परंपरा संपलेली नाही. गृहसंकुलांच्या व रस्तादुभाजकांच्या सुशोभनात जमीन झटपट झाकण्यासाठी पिवळ्या फुलांची वेडेलिया ही पसरणारी वनस्पती सर्रास लावली जाते. जगातील शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत तिचे नाव आहे. घाणेरी, जलपर्णी, सुबाभूळ आणि उपरोल्लेखित गोगलगाय तिच्याच शेजारी त्या यादीत बसलेल्या आहेत. वेडेलियाला बियांची वाट पाहावी लागत नाही. छाटणीनंतर टाकून दिलेल्या खोडाचा पेरा ओल्या मातीवर पडला तरी त्याला मुळे फुटतात. छाटलेला पाला नाल्याच्या काठी टाकण्याची जी सवय आहे, तिचा परिणाम नाल्याच्या दोन्ही तीरांवर पाहावयास मिळतो.

पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे उदाहरण शिक्षकांच्या विशेष उपयोगाचे आहे. मेक्सिकोतील हे बागेतले फूल पुण्याच्या परिसरातील टेकड्यांवर व सडकांच्या कडेने गेल्या काही वर्षांत ऐसपैस पसरले आहे. पावसाळ्याच्या अखेरीस सारा उतार पिवळा होतो, लोक हौसेने छायाचित्रे काढतात आणि तीच सोनकी आहे असे मुलांना सांगतात. सोनकी ही सह्याद्रीची स्वतःची वनस्पती; तिची फुले पिवळीधमक, आकाराने लहान व झुबक्यांनी येणारी. कॉसमॉसचे फूल मोठे, रुंद पाकळ्यांचे, लांब दांड्यावर एकेकटे डोलणारे आणि पाने बारीक चिरलेली. दोन्ही फुले वर्गात शेजारी-शेजारी ठेवल्यास हा फरक सातवीचा विद्यार्थी सहज सांगू शकतो. कॉसमॉसचे बी सुशोभनासाठी मुद्दाम फेकू नये, एवढे पथ्य पाळले गेले तरी बरेच काम होईल.

तात्पर्य, पहिली पायरी रोपवाटिकेत व खरेदीच्या कागदावर आहे. रोपांची मागणी नोंदवताना नाव, उंची व पिशवीचा आकार हे तपशील काटेकोरपणे लिहिले जातात. ती वनस्पती आक्रमक आहे काय, हा रकाना नसतो. तो असावा. कुंपणासाठी व दुभाजकांत अलीकडे लोकप्रिय झालेल्या कोनोकार्पसच्या बाबतीत गुजरात शासनाने २०२३ मध्ये वन व वनेतर अशा दोन्ही क्षेत्रांत लागवड थांबवण्याचा निर्णय घेतला, तो लक्षावधी रोपे लावून झाल्यावर. रोपांइतकेच लक्ष मातीकडेही द्यावयास हवे. बागेत भरावासाठी येणारी माती, अर्धवट कुजलेले शेणखत आणि परगावच्या रोपवाटिकेतील पिशव्या यांतून गाजर गवताचे बी व गोगलगायींची अंडी निमूटपणे आत येतात. आलेली माती व रोपे दोन-तीन आठवडे एका कोपऱ्यात वेगळी ठेवून, पाणी देऊन, काय उगवते ते पाहणे यास फारसा खर्च नाही.

गाजर गवत : वेळ साधण्याचे काम

गाजर गवताचे एक झाड पंधरा ते वीस हजारांपर्यंत बी देऊ शकते. बी रुजल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुले येतात आणि ओल मिळाल्यास वर्षातून अनेक पिढ्या होतात. जमिनीत गाडले गेलेले बी काही वर्षे तग धरते. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी, ती अशी की फुलावर आलेले गवत उपटून, बागेतून ओढत नेऊन, कोपऱ्यात ढीग घालणे म्हणजे त्याची पेरणीच होय. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी, रोप कोवळे व माती भुसभुशीत असताना, मुळासकट काढणे हा खरा उपाय. त्यानंतर महिन्याभराने दुसरी फेरी व पावसाळ्याच्या अखेरीस तिसरी आवश्यक असते, कारण बी एकाच वेळी रुजत नाही. फुलापूर्वी काढलेल्या गवताचे नाडेप पद्धतीच्या टाक्यात उत्तम कंपोस्ट होते. फुले आलेले गवत मात्र खतात घालू नये.

येथे माळी व सफाई कामगार यांच्या प्रकृतीचा प्रश्न येतो आणि तो सर्वांत निकडीचा आहे. या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेचा चिवट दाह होतो. प्रथम बोटे व मनगटे, मग मान, पापण्या, कोपराच्या घड्या असा तो पसरतो. परागकणांमुळे काहींना शिंका व दमा सुरू होतो. सत्तरच्या दशकातच पुण्यातील अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या होत्या. एकदा शरीराला ही संवेदनशीलता जडली, की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास उद्भवतो. ज्याची उपजीविकाच बागेत आहे त्याला ती बाग सोडण्याची वेळ येऊ शकते. तरीही रोजंदारीवरील स्त्रिया उघड्या हातांनी हे गवत उपटत असल्याचे दृश्य दुर्मीळ नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाका-तोंडावर कापड आणि काम संपताच हातपाय व कपडे धुण्यास साबण-पाणी यांची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. ती मुकादमाच्या मर्जीवर सोडू नये. श्रमदानाला विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळांनीही हा विचार करावा. ज्या मुलाला दमा किंवा त्वचेचा विकार आहे, त्याला या कामातून आवर्जून वगळावे.

बंगळूर परिसरात १९८४ मध्ये मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा जातीचे भुंगेरे सोडण्यात आले. हा भुंगेरा व त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने फस्त करतात. मध्यंतरी हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसल्याने शेतकऱ्यांत चिंता पसरली होती. तपासणीत असे आढळले, की पानांवर पडलेल्या गाजर गवताच्या परागांमुळे ते तिकडे ओढले गेले होते. आज महाराष्ट्रातही पावसाळ्यात ते अनेक ठिकाणी आढळतात. मात्र हिवाळा लागताच ते जमिनीत जाऊन सुप्त राहतात, त्यामुळे पाणी मिळणाऱ्या बागेतील हिवाळी गवत त्यांच्या तावडीतून सुटते. त्यांच्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही. पण पट्टेरी भुंगेऱ्यांनी चाळण केलेली पाने दिसल्यास तेथे कीटकनाशक मारू नये, इतके तरी पाहावे.

उपटल्यानंतरची पायरी येथे सर्वांत स्पष्ट दिसते. मोकळी, उकरलेली जमीन गाजर गवताला हवीच असते. म्हणून काढलेल्या जागी लगेच काही लावले पाहिजे : हरळी, मारवेलसारखे गवत, सावलीत अडुळसा, कुंपणालगत निर्गुडी. पडीक कोपऱ्यात टाकळ्याचे बी फेकल्यास तो दाट उगवून गाजर गवताला दाबतो. टाकळा ही पावसाळ्यातील रानभाजी असल्याने लोक तो खुडण्यास आनंदाने येतील, हा वेगळाच लाभ.

झुडपे आणि झाडे

घाणेरीचे बुंधे वरच्यावर छाटणे हे गाजर गवत ओढून नेण्याइतकेच निरुपयोगी आहे. छाटलेल्या बुंध्याला दुप्पट धुमारे फुटतात. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत साधी आहे. धुमारे ज्या भागातून फुटतात तो मुळाच्या माथ्याजवळ असतो. त्याच्या खाली, जमिनीपासून ३ ते ५ सेंटीमीटर खोलीवर, कुदळीने मूळ तोडावयाचे आणि सारे झुडूप उलटे करून ठेवावयाचे, म्हणजे फांद्यांना पुन्हा मुळे धरता येत नाहीत. फळे धरण्यापूर्वी हे काम व्हावे. पुढील दोन-तीन पावसाळे, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, बियांतून आलेली रोपे हाताने काढीत राहावे लागते. निर्मूलन झालेली घाणेरी पाच वर्षांनी पुन्हा 'नव्याने' आढळते, ती या शेवटच्या कामाचा विसर पडल्यामुळे. अंदाजपत्रकात त्याची तरतूद नसते, हे त्याचे नेहमीचे कारण.

झाडांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सत्तर व ऐंशीच्या दशकांत सरपण, चारा व हिरवाई या तिन्ही गरजा एकाच झाडाने भागतील या अपेक्षेने सुबाभळीचा मोठा पुरस्कार झाला. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावण्यात आले, कारण त्याच्या फांद्या सहज रुजतात, त्याला शेळ्या खात नाहीत आणि उजाड उतार काही वर्षांत हिरवा दिसू लागतो. त्या काळाच्या गरजा लक्षात घेता या निर्णयांची हेटाळणी करणे न्याय्य ठरणार नाही. आजही शेताच्या बांधावर गिरिपुष्पाचा पाला हे उत्तम हिरवळीचे खत आहे. परंतु टेकडीवर त्याच्या एकसुरी दाटीखाली इतर रोपे फारशी वाढत नाहीत, उन्हाळ्यात बहुतेक पाने गळून जातात आणि स्थानिक वृक्षांवर आढळणारी पक्षी-कीटकांची वर्दळ तेथे दिसत नाही. सुबाभूळ तर शेंगांतून इतके बी सांडते, की एका झाडाभोवती तिच्याच रोपांचे गवतासारखे दाट रान उगवते.

तेव्हा ही झाडे एकदम तोडावीत काय? तोडू नयेत. अशा तोडीनंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर गाजर गवत, घाणेरी व त्याच झाडांचे धुमारे उगवतात. मातीही वाहून जाते. दिल्लीत यमुना जैवविविधता उद्यानाचे काम २००२ मध्ये सुरू झाले व पुढे अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले. दिल्लीच्या खडकाळ टेकड्यांवर विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडील वेडी बाभूळ, सर्वत्र माजलेली होती. तेथे वापरलेल्या रीतीत प्रथम या झाडांच्या फांद्या छाटून खाली ऊन पोहोचू द्यावयाचे, त्या विरळ सावलीत स्थानिक वृक्षांची रोपे लावावयाची आणि ती डोक्यावर गेल्यानंतरच जुनी झाडे टप्प्याटप्प्याने काढावयाची, असा क्रम असतो. याला वर्षे लागतात. एका आर्थिक वर्षात खर्ची टाकता येईल असे हे काम नव्हे आणि प्रशासनाच्या दृष्टीने खरी अडचण हीच आहे.

महाराष्ट्रातील टेकड्यांवर हा क्रम अवलंबताना पळस, बहावा, आपटा, धावडा, सालई, मेढशिंगी, खैर, हिवर ही झाडे व करवंद, धायटी, मुरुडशेंग ही झुडपे उपलब्ध आहेत. आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील अनेक माळ व टेकड्या मुळातच विरळ झाडांची गवताळ राने आहेत. जुन्या मराठी वाङ्मयात व लोकगीतांत आलेल्या वनस्पतींच्या उल्लेखांवर आधारलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला; शेकडो वर्षांपूर्वीही या भागात अशी गवताळ राने होती, याचे पुरावे त्यात मिळतात. म्हणून पवन्या, कुसळी, शेडा असे गवत असलेला प्रत्येक उतार 'उजाड' समजून रोपांनी भरून काढणे, मग ती रोपे स्थानिक का असेनात, योग्य होणार नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. झाड परदेशी वा आक्रमक आहे, एवढ्यानेच ते तोडण्याची मुभा मिळत नाही. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीची कार्यपद्धती पाळावी लागते. नागरिकांचा आक्षेप येणे स्वाभाविकच. हिरवे झाड तुटताना पाहून कोणालाही वाईट वाटते. कोणत्या झाडाच्या जागी काय लावले आहे व ते किती वाढले आहे, हे तोडीपूर्वी त्याच ठिकाणी फलकावर लिहिलेले असल्यास बराच गैरसमज टळू शकतो.

तळी, गोगलगायी आणि किडी

उद्यानातील तळ्यात जलपर्णी वाढू लागली, की यंत्रे लावून ती काढली जाते. अनुकूल स्थितीत ती अवघ्या दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, हे लक्षात घेता यंत्र काठावर उभे असेतोवरच तळे मोकळे राहते. तिचे खाद्य म्हणजे पाण्यात मिसळणारे सांडपाणी. ते जोवर वळवले जात नाही, तोवर जलपर्णी काढण्याचे कंत्राट दरवर्षी निघत राहील. काढलेला ढीग काठावर न ठेवता दूर नेऊन कुजवावा.

लहान तळ्यांत जैविक उपाय किती परिणामकारक ठरू शकतो, याचे एक उदाहरण बंगळूरचे आहे. तेथील एका कमळकुंडात साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याने कमळांना गुदमरून टाकले होते. ऑस्ट्रेलियातून आणलेला सोंड्या जातीचा एक बारीक भुंगेरा १९८३-८४ मध्ये त्यात सोडण्यात आला. अकरा महिन्यांत साल्व्हिनिया नाहीशी झाली आणि कमळे पुन्हा वर आली. असे कीटक वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर, शासकीय परवानगीनेच सोडले जातात. कोणी उत्साहाने परस्पर आणावयाचे नसतात. पाळण्याचा कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडली जाणारी लाल कानपट्टीची विदेशी कासवे हा असाच एक उपद्रव आहे. ते पुण्य नव्हे, हे तळ्याकाठच्या फलकावर स्पष्ट लिहावे.

मोठ्या आफ्रिकन गोगलगायीने २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील कोवळे सोयाबीन खाऊन टाकले, तेव्हा तिचे नाव सर्वतोमुखी झाले. शहरांतील बागांत ती त्यापूर्वीही होतीच. ती उभयलिंगी असून एका वेळी शंभरावर अंडी मातीत घालू शकते. उन्हाळाभर शंखाचे तोंड बंद करून जमिनीत पडून राहते आणि पहिल्या पावसाबरोबर बाहेर येते. तिला आवरण्याचा काळ हाच पहिला पंधरवडा होय. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला पसरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात, मिठाच्या किंवा साबणाच्या तीव्र पाण्यात बुडवाव्यात व चुना टाकून खोल पुराव्यात. उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये, कारण त्यांच्यात माणसाच्या मेंदूला अपाय करणारे कृमी असू शकतात. विषारी गोळ्यांचा मार्ग सार्वजनिक बागेत टाळलेला बरा. तेथे मुले खेळतात व कुत्री हिंडतात.

किडींच्या बाबतीत पपईवरील पिठ्या ढेकणाचा अनुभव बोलका आहे. २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळलेली ही मेक्सिकन कीड दोन वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. पपईबरोबर बागेतील जास्वंदही तिने पांढरीफटक केली आणि आश्रयासाठी तिला गाजर गवत आयतेच मिळाले. २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी माशीने तिला काबूत आणले. ज्यांनी त्या काळात कीटकनाशकांचा मारा थांबवला, त्यांच्याकडे ही माशी टिकली.

तणनाशकांबाबत एवढेच सांगणे पुरे, की ग्लायफोसेटचा वापर केवळ कीड-नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, असा निर्बंध केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातला. लोक ज्या हिरवळीवर बसतात तेथे फवारणीचा पंप हा पहिला विचार असू नये.

कागदावरील दुरुस्ती

वर वर्णिलेल्या बहुतेक कामांना नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती कंत्राटाच्या मसुद्यात दुरुस्ती. तण काढण्याच्या कामाचे मोजमाप चौरस मीटरवर घेतले जाते आणि जागा मोकळी दिसताच देयक मंजूर होते. त्याऐवजी काम तीन पावसाळ्यांचे धरावे. देयकाचा एक भाग काढणीनंतर, दुसरा त्या जागी लावलेली रोपे जगल्यावर आणि उरलेला पुढील पाहणीत आक्रमक रोपे न आढळल्यास द्यावा. असे केल्यास मुळासकट काढणे कंत्राटदाराच्याही हिताचे ठरेल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायत यांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत आपल्याकडे काय आहे हे लिहिताना, नको ते काय आले आहे, प्रथम कोठे व कोणत्या वर्षी दिसले, हेही नोंदवावे. शहराच्या हद्दीलगतच्या पंचायतींना तर याची अधिक गरज आहे, कारण शहरातील बागांचा पालापाचोळा, भरावाची माती व नाल्यांचे पाणी अखेर त्यांच्याच शिवारात पोहोचते. केंद्र शासनाला आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या सुधारणेने मिळाला आहे. परंतु गावच्या नाल्याकाठी वेडेलियाचा पहिला ठिपका दिसला, हे कळविण्यास गावातील माणूसच लागतो. तेवढ्या वेळी एक टोपलीभर काम असते.

शाळांना यात सहज भाग घेता येईल. नजीकच्या उद्यानातील एक-दोन गुंठ्यांचा तुकडा निवडून तेथील वनस्पतींची मोजदाद दर महिन्याला करावी व ती वही पुढील वर्गाकडे सोपवावी. उद्यान विभागाला जी माहिती विकत घेता येत नाही, ती अशा वहीतून तीन वर्षांत उभी राहते. पहिली मोजदाद पहिल्या पावसानंतर दोन ते तीन आठवड्यांत घ्यावी. त्या सुमारास गाजर गवताला कळी धरलेली नसते आणि मऊ मातीतून ते मुळासकट निघते.